जाहीरनाम्यातली जलपर्णी

१/ १९३७ च्या आरंभी बंगाल प्रांतात निवडणूक झाली. १९३५ च्या कायद्यानंतरची ही पहिलीच प्रांतिक निवडणूक. जमीनदारी, कुळांचे हक्क, सावकाराचे कर्ज, प्रतिनिधित्वाचा वाद असे सारे प्रश्न ऐरणीवर होते. अशा त्या निवडणुकीत एका गोष्टीवर मात्र प्रमुख पक्षांचे एकमत होते. त्यांच्या जाहीरनाम्यांत एक आश्वासन समान आढळते : बंगालला एका पाणवनस्पतीपासून मुक्त करू.

२/ बंगालीत तिचे नाव कचुरीपाना. मराठीत आपण तिला जलपर्णी म्हणतो. पुण्यात उन्हाळ्यात कोणत्याही पुलावर थांबून खाली पाहिले, तर नदीच्या जागी जे हिरवे मैदान दिसते, ती हीच. तिची बंगालमधील कथा या धाग्यात सांगणार आहे. माझे मत मात्र शेवटी राखून न ठेवता आत्ताच मांडतो. आक्रमक वनस्पतीचा प्रसार लोकांच्या सामूहिक श्रमाने रोखता येतो, हे बंगालने दाखवले. पण आपण आज ज्याला ‘लोकसहभाग’ म्हणतो, म्हणजे एक रविवार, एक घाट आणि एक सामूहिक छायाचित्र, त्याचे बंगालच्या त्या प्रयत्नाशी फारसे नाते नाही.

३/ हे मत पुस्तकातून आलेले नाही. गेल्या वर्षी मे महिन्यात पवनेच्या एका घाटावर आम्ही चाळीसेक जण जलपर्णी उपसत होतो. दोन रविवार घाम गाळला. उपसलेले ढीग नेण्यासाठी ट्रॅक्टर मिळेना, म्हणून काठावरच रचून ठेवले. वाळतील, मग पाहू. पुराची रेषा कुठवर येते, हे आमच्यापैकी एकानेही कुणाला विचारले नाही. जुलैत नदी चढली आणि आमचे सगळे ढीग घेऊन गेली. त्या ढिगांत जिवंत रोपे भरपूर होती. थोडक्यात, दोन रविवार राबून आम्ही जलपर्णी खालच्या गावांना पोहोचती केली. त्या खजील अवस्थेत मी बंगालविषयी वाचू लागलो.

४/ आधी या वनस्पतीचा स्वभाव पाहू, कारण पुढचा सारा इतिहास त्यावर बेतलेला आहे. ही मूळची दक्षिण अमेरिकेतील, ॲमेझॉनच्या खोऱ्यातील. ती दोन प्रकारे वाढते. एक, रोपाला आडवा दांडा फुटतो, त्याच्या टोकाला नवे रोप धरते आणि दांडा तुटला की ते रोप स्वतंत्रपणे तरंगत निघते. अनुकूल पाण्यात अशा रोपांची संख्या दोनेक आठवड्यांत दुप्पट होऊ शकते. दोन, बी. ते तळाच्या गाळात पंधरा-वीस वर्षेही जिवंत राहते. म्हणजे पृष्ठभाग लख्ख झाला तरी काम संपलेले नसते, आणि एक रोप मागे राहिले तरी काम पहिल्यापासून सुरू होते.

५/ हिंदुस्थानात ती आली एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस, आणि आली ती शोभेसाठी. जांभळी फुले, मधल्या पाकळीवर मोराच्या पिसासारखा पिवळा डोळा. नारायणगंजच्या एका स्कॉटिश ताग-व्यापाऱ्याने ती ऑस्ट्रेलियातून आणली, अशी एक कथा आहे. ढाक्याच्या बागप्रेमींनी आणली, अशी दुसरी. कोणतीही खरी माना. कुणीही वाईट हेतूने आणली नव्हती, एवढे दोन्हींत समान आहे.

६/ पहिले महायुद्ध सुरू झाले आणि पूर्व बंगालच्या खेड्यांत तिला नवे नाव पडले : ‘जर्मन पाना’. इंग्रजांना बुडवण्यासाठी जर्मनांनीच ती नद्यांत सोडली, अशी वदंता होती. हे वाचताना मला आपले ‘काँग्रेस गवत’ आठवले. १९५० च्या दशकात पुण्यात पहिल्यांदा लक्षात आलेले, अंगाला खाज आणणारे गाजर गवत ते हेच. ‘पी. एल. ४८० च्या अमेरिकी गव्हातून आले’ ही त्याची कथा आपण सर्वांनी ऐकली आहे. पण इतिहासाच्या विद्यार्थ्याने सनावळी तपासावी. या गवताचा पुण्यातील आढळ १९५५ चा आणि त्याची शास्त्रीय नोंद १९५६ ची. भारताशी पी. एल. ४८० चा पहिला करार झाला ऑगस्ट १९५६ मध्ये. अमेरिकेचा कर्जाऊ गहू १९५१ पासून येत होता, तेव्हा बी धान्यातून आले असण्याची शक्यता उरतेच. परंतु ज्या कराराला आपण आरोपी करतो, तो गुन्हा घडला तेव्हा घटनास्थळी नव्हता.

७/ (जाता जाता एक : कोकणातल्या माणसाने अशाच एका परक्या झुडपाला ‘रानमोडी’ म्हटले, म्हणजे रान मोडणारी. आणि टणटणीला ‘घाणेरी’. ही नावे शत्रूकडे बोट न दाखवता वनस्पती काय करते, कशी आहे, ते सांगतात. मला ती अधिक प्रामाणिक वाटतात.)

८/ १९२० च्या सुमारास पूर्व बंगालमधील नद्या, ओढे आणि ‘बील’ म्हणवणारी उथळ तळी जलपर्णीने भरून गेली होती. आपल्याला ही नुसती कुरूपता वाटेल. तिथे तो जीवनमरणाचा प्रश्न होता. त्या प्रदेशात नाव हेच वाहन. माणूस, ताग, भात, बाजार, सारे पाण्यावरून जाई. वाट बंद म्हणजे व्यवहार बंद. शिवाय अमन भाताचे पीक पुराच्या पाण्याबरोबर उंच वाढते. त्याच पाण्यावरून जलपर्णीचे तराफे शेतात शिरत आणि उभे पीक दाबून टाकत. शेतकरी शेताभोवती बांबूचे कुंपण घालत. पाण्यातून येणाऱ्या झाडाविरुद्ध कुंपण! तराफ्यांखाली प्रकाश आणि प्राणवायू नाही, म्हणजे मासळी नाही. आणि साचलेल्या पाण्यात डास मात्र भरपूर.

९/ आता सर्वांत महत्त्वाचा मुद्दा, जो स्वच्छता मोहिमांत आपण हमखास विसरतो. जलपर्णी वाहत्या पाण्यात टिकत नाही. तिला संथ पाणी लागते. बंगालचे पाणी कुणी संथ केले? रेल्वेच्या भरावांनी, रस्त्यांनी आणि बांधांनी. प्रांताचे आरोग्यसंचालक डॉ. बेंटली यांनी १९२५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात हिवताप आणि शेतीचा ऱ्हास यांचा संबंध पुराचे पाणी अडवणाऱ्या भरावांशी जोडला होता. इजिप्तमध्ये कीर्ती मिळवलेले अभियंते विल्यम विलकॉक्स यांनीही कलकत्त्यातील व्याख्यानांत बंगालची जुनी पूर-सिंचन व्यवस्था मोडल्याचा ठपका असाच ठेवला. जलपर्णी परकी खरी. पण तिच्यासाठी घर बांधून ठेवले होते ते राज्यकर्त्यांनी. आज आपल्या नद्यांत तेच काम बंधारे आणि सांडपाणी करतात. बंधारा पाणी थांबवतो, सांडपाणी नत्र आणि स्फुरद पुरवते. जलपर्णीला याहून अधिक काही नको असते.

१०/ मग सरकारने काय केले? प्रथम, उपयोग शोधला. युद्धामुळे जर्मनीहून येणारे पोटॅश बंद झाले होते आणि जलपर्णीच्या राखेत पोटॅश भरपूर असते. १९१७ मध्ये फिनलो आणि मॅक्लीन या सरकारी तज्ज्ञांनी तिच्या खतमूल्यावर लेखन प्रसिद्ध केले. कल्पना मोठी मोहक होती : संकट विकून पैसा करा, शेतकरी स्वतःहून पाणी साफ करतील. अडचण एवढीच की, ओल्या जलपर्णीत शंभरातले नव्वदाहून अधिक भाग पाणीच असते. ते वाहून न्यायचे, वाळवायचे, जाळायचे आणि हाती येणार मूठभर राख.

११/ इथे माझे मत जरा कठोर आहे. ‘उपयोग करा’ हा सल्ला त्या काळात एक प्रकारची पळवाट ठरला. जोवर एखादी वस्तू संभाव्य संपत्ती मानली जाते, तोवर तिच्या निर्मूलनाचा खर्च कुणी उचलत नाही. शेजारच्या ब्रह्मदेशाने जलपर्णीविरुद्ध कायदा केला १९१७ मध्ये, आसामने १९२६ मध्ये. ज्या प्रांताचे सर्वाधिक नुकसान होत होते, त्या बंगालला १९३६ उजाडावे लागले.

१२/ आज टणटणीचे फर्निचर आणि जलपर्णीच्या टोपल्या यांविषयी कौतुकाने लिहिले जाते. त्यातून कुणाच्या घरी चूल पेटत असेल, तर मी कोण नाक मुरडणारा? याच बंगालमध्ये, आताच्या बांगलादेशातील पिरोजपूर-गोपालगंज भागात, शेतकरी जलपर्णीचे थर रचून त्यावर तरंगते भाजीमळे पिकवतात. त्या पद्धतीला जागतिक कृषिवारशाचा मानही मिळाला आहे. पण ते शेतकरी दारातली जलपर्णी दारातच वापरतात. वस्तू दूरच्या बाजारात विकायची ठरली की कच्चा माल दरवर्षी लागतो, आणि मग नदी साफ होणे हेच तोट्याचे होऊन बसते. उपयोग हा निर्मूलनाचा जोडधंदा असावा, पर्याय नव्हे.

१३/ १९२१ मध्ये सरकारने एक समिती नेमली. अध्यक्ष कोण, तर जगदीशचंद्र बोस. वनस्पतींच्या संवेदनांचा अभ्यास करणारा शास्त्रज्ञ एका वनस्पतीच्या निर्मूलनाचा विचार करायला बसला, हा योगायोग मला फार आवडतो. त्या वेळी विषारी फवाऱ्याने जलपर्णी मारण्याचे दावे जोरात होते. समिती या दाव्यांविषयी साशंक होती. पाने करपली तरी गड्डा जिवंत राहिला, तर वनस्पती पुन्हा फुटते. उरतो तो कष्टाचा मार्ग : हाताने काढणे, आणि सगळीकडे एकाच वेळी काढणे.

१४/ ‘सगळीकडे एकाच वेळी.’ संपूर्ण कथेची किल्ली याच तीन शब्दांत आहे. एका शेतकऱ्याने आपले तळे साफ केले आणि शेजाऱ्याने केले नाही, तर पुढच्या पुरात शेजाऱ्याची जलपर्णी त्याच्या तळ्यात येणारच. मग पहिल्याने तरी कष्ट का करावेत? हा आळस नव्हे. हा हिशोब आहे, आणि हिशोब बरोबरच आहे. असा पेच एकेकट्याच्या सदिच्छेने सुटत नाही. सर्वांनी सर्वांना बांधून घ्यावे लागते.

१५/ १९३६ च्या कायद्याने ते बांधून घेणे लिखित स्वरूपात आणले. जलपर्णी बाळगणे बेकायदा ठरले. आपल्या ताब्यातील जागेतून ती नष्ट करणे हे ताबेदाराचे कर्तव्य झाले. पाठोपाठ निवडणूक झाली, कृषक प्रजा पक्षाचे फजलुल हक मुस्लिम लीगबरोबरच्या संयुक्त मंत्रिमंडळाचे प्रमुख झाले आणि जाहीरनाम्यातील वचन पाळण्याची पाळी आली. जिल्हा प्रशासनांनी निर्मूलनाचे कार्यक्रम आखले, लोकांनी त्यांत श्रम दिले. १९३९ मध्ये प्रांतभर ‘जलपर्णी सप्ताह’ पाळला गेला. सप्ताह म्हटले की आपल्याला भाषणे आणि फलक आठवतात. इथे सप्ताहाला एक व्यावहारिक अर्थ होता : सर्व गावे त्याच दिवसांत पाण्यात उतरली, तर शेजाऱ्याकडून परत येण्याची वाट बंद होते.

१६/ याचा परिणाम झाला का? १९४७ पर्यंत हा प्रश्न बऱ्याच अंशी आटोक्यात आला होता आणि पुढच्या दशकात अनेक जलमार्ग पुन्हा नावांसाठी खुले झाले. वनस्पती नाहीशी झाली नाही; आजही ती बंगालच्या दोन्ही भागांत आहे. पण भाताचे पीक गिळणारी आपत्ती ही तिची ओळख पुसट झाली. मला हे यश पुरेसे मोठे वाटते. आक्रमक वनस्पतीच्या बाबतीत ‘समूळ नाश’ हा शब्द बहुधा भाषणातच शोभतो. ‘आटोक्यात ठेवणे’ हे दरवर्षीचे काम असते.

१७/ या यशाचे सरसकट गुणगान मात्र मला करवत नाही. भराव घातले रेल्वेने आणि सरकारने. वनस्पती आणली हौशी धनिकांनी. ढोपरभर चिखलात उभे राहून ती काढायची मात्र शेतकऱ्याने, आणि न काढल्यास दंडही त्यालाच. लोकश्रमाचा गौरव करताना, बिघाड ज्याने केला त्याची जबाबदारी गुपचूप लोकांच्या खांद्यावर सरकते, हे बंगालमध्ये घडले. आजही नदीत मैलापाणी सोडणारा वेगळा आणि रविवारी हातमोजे घालून उतरणारा वेगळा. दुसऱ्याने पहिल्याला जाब विचारला नाही, तर त्याचे श्रम ही पहिल्याला मिळालेली सवलतच ठरते.

१८/ आता आपल्या नदीकडे येऊ. तुंग आणि तिकोना चढलेल्यांना पवना धरणाचे पाणी वरून पाहिल्याचे आठवत असेल. तेच पाणी पुढे चिंचवडला मोरया गोसावींच्या समाधीजवळून जाते, दापोडीला मुळेला मिळते, मुळा पुण्यात मुठेला मिळते, मुळा-मुठा भीमेला. देहू-आळंदीची इंद्रायणी तुळापूरला भीमेत येते. मग भीमा उजनीच्या जलाशयात, आणि तिथून पंढरपुरात चंद्रभागा म्हणून. या एका वाटेवर दोन महानगरपालिका, कटक मंडळे, पाटबंधारे खाते आणि कितीतरी ग्रामपंचायती आहेत. प्रत्येकाची हद्द नकाशावर स्पष्ट आहे. चिंचवडला तुटलेले रोप ती पाहून थांबत नाही.

१९/ म्हणून ‘आपला घाट आपण स्वच्छ ठेवू’ ही घोषणा कितीही गोड असली तरी जलपर्णीपुरती ती निरुपयोगी आहे. काम वरून खाली व्हायला हवे : आधी प्रवाहाच्या वरच्या अंगाची डबकी, बंधाऱ्यांमागचे संथ पाणी, नाल्यांची मुखे, मग खालचे घाट. आणि वेळ? आपण एप्रिल-मे मध्ये उतरतो, कारण तेव्हा नदी हिरवीगार दिसते, वर्तमानपत्रांत बातम्या येतात आणि छायाचित्रही चांगले येते. प्रत्यक्षात पूर ओसरल्यावर, कार्तिक-मार्गशीर्षात, ती कोपऱ्याकोपऱ्यांत मूठभर उरलेली असते. तेव्हा दहा माणसांचे जे काम असते, त्याला मे मध्ये यंत्रे लागतात. नोव्हेंबरात दहा रोपे काढणाऱ्याला टाळ्या मिळत नाहीत, एवढीच काय ती अडचण.

२०/ उपसलेली जलपर्णी पूररेषेच्या वर, नदीपासून दूर न्यायची. वाहन ठरल्याशिवाय उपसायला सुरुवातच करायची नाही. हे मी चाळीस जणांच्या वतीने, अनुभवाने लिहीत आहे.

२१/ कुणी विचारेल : हे सारे यंत्राने होत नाही का? होते, आणि मोठ्या पात्रात यंत्र लागतेच. १९८० च्या दशकात जलपर्णी खाणारे भुंगेरेही भारतात आणून सोडले गेले. काही जलाशयांत त्यांचा चांगला उपयोग झाला. पण नाल्याच्या मुखाशी, झुडपांच्या मुळांत अडकलेले एकटे रोप यंत्राला दिसत नाही. ते रोज तिथून जाणाऱ्या माणसालाच दिसते.

२२/ राहता राहिली एक गोष्ट, आणि ती आपल्या विषयाची आहे. बंगालच्या या लढ्याविषयी आपल्याला जे कळते, ते मुख्यतः सरकारी कागदांतून : समित्या, कायदे, अहवाल. पाण्यात उतरलेल्या माणसाला काय वाटले, कोणत्या गावाने आधी साफ केले, कुठे भांडण झाले, हे त्यांत फारच थोडे आहे. आपल्या नदीच्या बाबतीत पुढच्या अभ्यासकाची तीच पंचाईत होईल. निविदा सापडतील, बातम्या सापडतील. पण पहिले रोप कोणत्या वर्षी, कोणत्या महिन्यात, कोणत्या वळणावर दिसले, हे सापडणार नाही.

२३/ म्हणून या वर्षी आमच्या गटाने एक साधी वही घातली आहे. तारीख, ठिकाण, रोपे किती, पाणी वाहते की साचलेले, काढून कुठे टाकली, एवढेच रकाने. मावळापासून तुळापूरपर्यंत काठावर राहणारे, रोज पूल ओलांडणारे जे कुणी हे वाचत असतील, त्यांनी अशीच वही आपल्या ठिकाणी सुरू केली तर या डिसेंबरात सर्व नोंदी एकत्र ठेवून कुठून उतरायचे ते ठरवता येईल. आमच्या वहीतली पहिली नोंद माझ्या हातची आहे : बंधाऱ्यामागे, डाव्या काठाला, उंबराच्या मुळांत तीन रोपे. पाणी साचलेले. तिन्ही काढली, पिशवीत भरून घरी आणली आणि गच्चीवर वाळत घातली.